नाव काय टाकू?

मोठीआईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, तेरवीला चार दिवस राहिले होते. दादा आणि मी जालन्याच्या बाजारात भांड्याच्या दुकानात गेलो. आमच्याकडे तेरवीला, नाहीतर वर्षश्राद्धाला, आलेल्या माणसाला एखादं भांडं द्यायची रीत आहे. ऐपतीप्रमाणे कुणी ग्लास देतं, कुणी ताटली, कुणी झाकणाचा डबा. दादांनी स्टीलचे दीडशे ग्लास काढायला सांगितले. दुकानाच्या पायरीवर नावं टाकणारा कारागीर बसला होता. त्याच्या हातातलं विजेवर थरथरणारं यंत्र पेनाएवढंच. त्याचं टोक भांड्यावर टेकलं की डबीत भुंगा कोंडल्यासारखा आवाज होतो आणि ठिपक्याठिपक्यांनी अक्षर उमटत जातं. त्यानं पहिला ग्लास गुडघ्यावर आडवा धरला आणि मान वर न करता विचारलं, "नाव काय टाकू?"

"आईचं," दादा म्हणाले.

"आईचं, पण काय?"

दादांनी सांगितलं. मग आधी 'कै.' टाकायचं की 'कै. गं. भा.', मधे आजोबांचं नाव, शेवटी आडनाव, त्याखाली गाव, असं सगळं ठरू लागलं. कारागिरानं ग्लास फिरवून पाहिला. "दादा, ग्लास लहान आहे. एवढं मावायचं नाही. खाली 'स्मरणार्थ' पण यायचंय." मग एकेक कमी होत गेलं. गाव गेलं, आडनाव गेलं, आजोबाही गेले. राहिलं मोठीआईचं चार अक्षरांचं नाव आणि त्याखाली 'स्मरणार्थ'. माहेर सुटल्यावर ती सासरी धाकटी झाली, मग दादांची माय झाली, शेवटी अख्ख्या गल्लीची मोठीआई झाली. तिला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. गल्लीतल्या दोघीतिघींनी तर तेरवीच्या पंगतीत ग्लास हातात घेऊन विचारलं, "हे नाव कुणाचं?"

या पुस्तकाची सुरुवात त्या पायरीवर झाली. पुढे काही वर्षं, सुट्टी मिळेल तशी, जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत फिरताना मी आणि माझे दोन सोबती गेलेल्या माणसांची नावं टिपत राहिलो. पुतळ्यांवरची नावं नव्हे. ती कुणीतरी टिपतंच. आम्ही टिपली ती घरच्यांनी चारचौघांत लावलेली नावं. एसटी थांब्यावरच्या सिमेंटच्या बाकाच्या पाठीवरची, शाळेच्या वर्गखोलीच्या चौकटीवरची, मंदिराच्या पायरीवरची, पाणपोईच्या पत्र्यावरची, स्मशानातल्या शेडवरची, सप्ताहाच्या पंगतीच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली. आपल्या भाषेत नाव हा शब्द किती कामाचा आहे ते या फिरण्यात कळलं. आपण नाव ठेवतो, नाव काढतो, नाव राखतो, नाव घेतो. आणि माणूस गेल्यावर घरचे लोक जे काही उभं करतात, ते एवढ्यासाठी की ज्याचा आपल्याशी काही संबंध नाही अशा माणसाच्याही तोंडी हे नाव एकदा यावं. नुसती पाटी लावली तर परका माणूस थांबत नाही. म्हणून पाटीसोबत त्याच्या गरजेचं काहीतरी ठेवतात: बसायला जागा, सावली, घोटभर पाणी. आमच्या भागात ही जोडी सगळीकडे दिसते आणि या नोंदी वाचताना ती डोळ्यांसमोर असावी, म्हणून ही प्रस्तावना.

नावाआधीच्या दोनचार अक्षरांकडेही नीट पाहावं. 'कै.' आणि 'स्व.' सर्रास दिसतात. गळ्यात माळ असलेला गेला की तो 'वै.' होतो, वैकुंठवासी. लिंगायत घरात माणूस लिंगैक्य होतो. बौद्ध कुटुंबं 'कालकथित' लिहितात, आणि तो शब्द विचार करून निवडलेला आहे: कैलास नको, स्वर्ग नको. मुसलमान घराच्या पाटीवर 'मरहूम' असतं, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाआधी 'कै. सौ.' असतं. त्या 'सौ.'साठी घरच्यांचा जीव किती तुटतो ते एका नावं टाकणाऱ्यानंच मला सांगितलं. घाईत ते अक्षर राहून गेलं म्हणून एका म्हाताऱ्यानं पन्नास ताटल्या परत आणल्या होत्या. अक्षर मागून घालायला जागा नव्हती. त्यानं नव्या ताटल्या घेतल्या, जुन्या घरी नेल्या.

ही रीत आजकालची नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सातवाहनांच्या काळातलं हे भरभराटीचं गाव, १९७०च्या दशकातल्या उत्खननानं पुन्हा उजेडात आलं. या गावच्या दात्यांची नावं सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर कोरलेली आहेत. इथून निघून इतक्या लांब जाऊन दान करायचं आणि दगडावर नावासोबत गावही सांगायचं, ही ओढ दोन हजार वर्षांची आहे. आपल्याकडच्या लेण्यांतल्या दानलेखांत आई-वडिलांच्या पुण्यासाठी हे दिलं, अशी वाक्यं वारंवार भेटतात. दिलेली वस्तू बहुतेक वेळा असते एखादी खोली नाहीतर पाण्याचं टाकं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या उपयोगाची. भाज्याच्या लेण्यांत तर गेलेल्या थेरांचे चौदा स्तूप ओळीनं उभे आहेत आणि काहींवर त्यांची नावं आहेत. नंतरच्या शतकांत गावोगाव वीरगळ आले. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरांसोबत स्वर्गाकडे जाणारा वीर, वरती शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ही आठवण राहील. पण बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. गावाला नाव माहीत होतं, म्हणून लिहिलं नाही. मग गावच विसरलं. आज मारुतीच्या पाराला टेकून ठेवलेल्या अशा दगडाला शेंदूर लागतो, नारळ फुटतो, पण तो कोण, हे पारावरच्या कुणालाच सांगता येत नाही.

जिल्ह्याच्या उत्तरेला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. इंग्रजांनी आपल्या बाजूचा हिशोब नेमका ठेवला: ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. घोडदळाचा कर्नल मॅक्सवेल पडला, त्याचं नाव प्रत्येक पुस्तकात आहे. चौऱ्याहत्तराव्या पलटणीला या लढाईची खूण म्हणून हत्तीचं चिन्ह मिळालं. मराठ्यांच्या गोलंदाजांनी शेवटपर्यंत तोफा सोडल्या नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. पण तोफेपाशी पडलेल्या त्या माणसांपैकी एकाचंही नाव मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. त्यांच्या घरी बातमी कधी पोचली असेल, कुणी तिळपाणी दिलं असेल, की वर्षानुवर्षं वाटच पाहिली असेल? असईच्या शिवारात उभी असताना मला दुसरं काही सुचत नव्हतं.

याच्या अगदी उलट जालना शहरातला मामा चौक. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात गेलेले हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांचं हे नाव. रोज हजारो लोक "मामा चौकात सोडा" म्हणून रिक्षात बसतात. सगळ्यांनाच इतिहास माहीत असेल असं नाही, पण १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन येतो, हुतात्म्याला मानवंदना होते आणि नाव पुन्हा ताजं होतं. मला त्यातलं 'मामा' फार मोलाचं वाटतं. चौकाला पदवी लागली नाही, आडनाव लागलं नाही. अख्ख्या शहराचं नातं लागलं. जुन्या जालन्यात आषाढी एकादशीला आनंदी स्वामींची यात्रा भरते, गुरु गणेश तपोधामात जैन भाविक आपल्या गुरूंच्या स्मरणाला जमतात. तिथेही नातंच आहे, गुरूचं. जेईएस महाविद्यालयाच्या पूर्ण नावात कला शाखेला बगडिया, वाणिज्यला लाखोटिया आणि विज्ञानाला बेझनजी अशी तीन नावं आहेत. मुलं जेईएस एवढंच म्हणतात. पण दाखल्यावर, गुणपत्रिकेवर ती तिन्ही नावं येतात आणि जन्मभर घराच्या कपाटात राहतात.

आता पाण्याबद्दल, कारण आमच्या नोंदींपैकी सगळ्यात जास्त नोंदी पाण्याच्या आहेत.

जालन्याच्या माणसाला पाण्याचं मोल सांगावं लागत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात हा जिल्हा पार होरपळला. मोसंबीच्या बागा वाळल्या, त्या लोकांनी स्वतःच्या हातानं तोडून सरपणाला लावल्या. शहरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा राहिला नव्हता, गावं टँकरवर होती. त्या वर्षी अंबड तालुक्यातल्या एका घरानं वडिलांच्या वर्षश्राद्धाची पंगत घातलीच नाही. तेवढ्या पैशात जेवढे टँकर आले तेवढे गावच्या विहिरीत रिते केले. विहिरीच्या कठड्यावर मुलानं विटकरीच्या तुकड्यानं वडिलांचं नाव लिहिलं. पहिल्या पावसात ते धुऊन गेलं. पण त्या गावात आजही म्हातारी माणसं त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतात ती वडिलांच्या नावानं. मुलाचं नाव मला दुसऱ्या फेरीत कळलं.

मेलेल्याच्या नावानं पाणी द्यायचं, ही कल्पना इथल्या हिंदू, बौद्ध, मुसलमान घरांत वेगवेगळ्या वाटेनं आलेली आहे. हिंदू घरात तर्पण आहे, पितरांच्या नावानं ओंजळीतून सोडलेलं पाणी. दहाव्याला शहागडला गोदावरीच्या काठी गेलात तर हे रोज दिसतं: भाताचे पिंड मांडलेले, घरचे लोक आभाळाकडे डोळे लावून कावळ्याची वाट पाहताहेत, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "जीव कशात अडकला असेल?" बौद्ध घरात जलदान विधी असतो, पुढे वर्षाला पुण्यानुमोदन. मुसलमान घरात आई-बापाच्या नावानं सदका-ए-जारिया करतात, म्हणजे वाहतं राहणारं दान. बोअर घेऊन देणं हे त्यातलं मोठं दान समजतात. मंठ्याकडच्या एका रस्त्यावर एक हातपंप आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर एक पाणपोई आम्हाला लागली. हातपंपाच्या ओट्यावर 'मरहूमा' आणि पाणपोईच्या पत्र्यावर 'कै.'. दोन्ही बायकांची नावं. गावात विचारलं तर दोघी शेजारणी होत्या.

पाणपोई बसवायलाही जाणतेपण लागतं. पाडव्याच्या आसपास ती बसते. रांजण निम्मा वाळूत गाडतात, भोवती पोतं गुंडाळून ते भिजतं ठेवतात, वरती बाभळीची नाहीतर तुराट्यांची सावली. रोज सकाळी भरणारा माणूस नेमावा लागतो, कारण रिकामा रांजण आणि त्यावर बापाचं नाव, याहून वाईट काही नाही, असं लोकच बोलून दाखवतात. अंगारकीला राजूरच्या गणपतीला रात्रभर चालत जाणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा जालना-राजूर रस्त्यावर पाणी, चहा, साबुदाण्याची खिचडी वाटणारे मांडव पडतात. त्यातले कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या स्मरणार्थ असतात. पालख्यांच्या वाटेवरही तसंच. अमक्याच्या नावची पंगत म्हणून वर्ष वर्ष नंबर लावून ठेवलेले असतात.

आणि आता चौकातल्या फ्लेक्सविषयी. शिकलेली माणसं त्यांना नाकं मुरडतात. मीही मुरडत असे. मग बसस्टँडजवळच्या एका डिजिटलच्या दुकानात अर्धा दिवस बसून राहिले. बदनापूरकडचा एक पोरगा आला, डोकं नुकतंच केलेलं. त्याच्या हातात आईचा एकुलता एक फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, बायकांच्या घोळक्यातला. डिझाइन करणाऱ्यानं तो मोठा केला आणि आईला अलगद कापून काढलं. शेजारणीचा हात तिच्या खांद्यावर होता, तो निघेना. तिथे त्यानं दुसरीकडचा पदर आणून बसवला. "मागं ढग टाकू का समई?" पोरगा म्हणाला, "ती रानात असायची." मग मागं हिरवं रान आलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल', त्याखाली सगळी भावकी. सहा बाय आठचा फ्लेक्स. त्या बाईचा एवढा मोठा फोटो निघण्याची ही पहिलीच वेळ आणि गावच्या चौकात ती एकटी उभी राहण्याचीही. त्या दिवसापासून मी नाक मुरडणं सोडलं. एका गोष्टीचा राग मात्र कायम आहे: गेलेल्या माणसाच्या डोक्यावर पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग लावतात, त्याचा. ती जागा त्याची आहे, त्याची एकट्याची.

फ्लेक्स चौकात पंधरा दिवस राहतो. मग उतरवून घरी नेतात आणि तो पावसाळ्यात कडब्याच्या गंजीवर, शेळ्यांच्या गोठ्यावर, गळक्या पत्र्यावर पसरतात. जाफराबाद तालुक्यातल्या एका वस्तीवर गोठ्याच्या छताला आतल्या बाजूनं एका आजोबांचा चेहरा दिसत होता. त्यांच्या सुनेला मी भीतभीतच विचारलं. ती म्हणाली, "शेरडं त्यांचीच होती की."

शेतातल्या समाध्यांबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे लांबवत नाही. एवढंच, की रक्षा नदीत न सोडता खड्ड्यात टाकून वर आंबा नाहीतर वड लावणारी घरं आता जिल्हाभर आहेत आणि त्या झाडाला घरात माणसासारखं बोलतात. "आबाला पाणी घातलं का?" असं मी स्वतः ऐकलंय.

ज्यांची नावं कुठेच नाहीत, त्यांच्यापाशी मात्र थांबावंच लागेल. शेतकऱ्याची आत्महत्या झाली की नाव आधी पंचनाम्यात येतं, 'मयत' या शब्दामागोमाग. मग जिल्ह्याच्या समितीपुढे फाईल जाते आणि प्रकरण पात्र ठरतं किंवा अपात्र. पात्र ठरलं तर घराला एक लाखाची मदत. इतक्या वर्षांत अशा माणसाच्या नावचा बाक किंवा पाणपोई आम्हाला दोनच ठिकाणी भेटली. घरच्यांना आठवण नाही असं नाही. पाटी लावली की येणारा विचारणार, कशानं गेले? ते उत्तर रस्त्यावर उभं राहून द्यायची ताकद कुठून आणायची? घनसावंगी, मंठा, अंबड या भागांतून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. तिकडे फडावर कुणी दगावलं तर माती बहुधा तिकडेच होते. गावात त्याचं काहीच नसतं. कोरोनाच्या दोन वर्षांत गेलेल्यांचं तर खांदा देणंही राहिलं, आणि वर्षानं कितीतरी घरांनी पुण्यस्मरण गावजेवण घालून केलं, ते त्या राहून गेलेल्या गर्दीसाठी.

अमेरिकेत एड्सनं माणसं जात होती, तेव्हा त्यांच्याही जिवलगांना हीच अडचण होती. लोक अंत्यविधीला येत नव्हते, कारण सांगायची सोय नव्हती. मग प्रत्येकानं आपल्या माणसाच्या नावाचं कापड शिवलं, तीन फूट बाय सहा फूट, थडग्याएवढं. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानात अशी १,९२० कापडं जोडून अंथरली आणि नावं मोठ्यानं वाचली. हे वाचताना मला आमची वाकळ आठवली. मोठीआईच्या दोन लुगड्यांची वाकळ आमच्या घरात आहे. ती आम्ही पांघरतो, धुतो, वाळत घालतो. दांडीवर वाळत घातलेली वाकळ सगळ्या गल्लीला दिसते आणि जाणाऱ्या बायका लुगड्याचा काठ ओळखतात. ज्यांना पाटी लावता आली नाही अशा काही घरांनी आम्हाला अशाच वस्तू दाखवल्या: विळा, चष्मा, चुलीशेजारचा पाट. त्या नोंदी शेवटच्या भागात आहेत. त्या घरांची आणि गावांची नावं दिलेली नाहीत. तसा शब्द आम्ही दिला होता.

नोंदींच्या पद्धतीबद्दल थोडं. पाटीवर आहे तसंच उतरवलंय. 'स्मर्णार्थ', 'पुण्यस्मर्ण', 'श्रध्दाजंली' ही अक्षरं रंगाऱ्याची किंवा कारागिराची आहेत, ती दुरुस्त केली नाहीत. तारीख तिथीत असेल तर तिथीतच ठेवली. अक्षर गेलं असेल तिथे टिंबं दिली आणि अंदाजानं काही भरलं नाही. पुस्तक वाचून कुणाला आपल्या माणसाच्या नोंदीत चूक दिसली तर जरूर कळवावं, पुढच्या छपाईत सुधारू.

भोकरदन तालुक्यातल्या एका गावाबाहेर जनावरांना पाणी पाजायचा जुना दगडी हौद आहे. काठावरचा लेख जनावरांच्या माना घासून घासून जवळजवळ गेला आहे. कोळशाची भुकटी चोळून पाहिली, पाणी मारून पाहिलं, सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिलं. सुरुवातीची सात-आठ अक्षरं गेलेलीच आहेत. शेवटची तेवढी लागतात: '...ची आई'. गावात कुणाला काही सांगता आलं नाही. नोंद तशीच ठेवली आहे. आम्ही गेलो त्या दिवशी हौद काठोकाठ भरलेला होता आणि दोन बैल पाणी पीत होते.